वॉर्नरचा गँगस्टर डीव्हीडी बॉक्स: सहा डिस्क, सहा रविवार

वॉर्नर ब्रदर्सनं २००५ साली अमेरिकेत गँगस्टर पिक्चरचा एक डीव्हीडी बॉक्स काढला होता, सहा पिक्चर, सहा डिस्क. लिटल सीझर आणि द पब्लिक एनिमी हे दोन्ही १९३१ चे, द पेट्रिफाइड फॉरेस्ट १९३६, एंजल्स विथ डर्टी फेसेस १९३८, द रोअरिंग ट्वेंटीज १९३९ आणि शेवटचा व्हाइट हीट १९४९. सगळे ब्लॅक अँड व्हाइट. हे सहाच्या सहा आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी सहा रविवारी रात्री जेवणं झाल्यावर बघितले, मी आणि आमचे आबा, मधनंच आई यायची, दोन वेळा शेजारचे काका पण बसले. एवढं झाल्यावर वाटलं की हे लिहून ठेवलंच पाहिजे, कारण मराठीत कुणी ह्या बॉक्सबद्दल लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि ज्याला खरंच पिक्चरचं वेड आहे त्यानं हा सेट मिळेल तिथनं मिळवावा असं माझं ठाम मत झालंय.

मिळवण्याचं आधी सांगतो म्हणजे तुमची फसगत होणार नाही. मी पहिल्यांदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडनं मागवला, बॉक्स अगदी बरोबर आला पण आतल्या डिस्क घरी राइट केलेल्या, वर पेननं नावं लिहिलेली, व्हाइट हीट तर अर्ध्यात अडकायचा. पैसे परत मिळवायला महिना गेला. मग आतेभाऊ अमेरिकेतनं येताना वापरलेला खरा सेट घेऊन आला. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, ह्या डिस्क अमेरिकन रिजनच्या आहेत, म्हणजे तिकडच्याच प्लेयरवर चालाव्यात असं लॉक घातलेल्या, आपल्याकडच्या साध्या प्लेयरवर लावल्या की नुसता रिजनचा मेसेज येतो. आमचा जुना प्लेयर मी राजारामपुरीत एका रिपेअरवाल्याकडं नेला, त्यानं रिमोटवरनं कोड मारला आणि दोन मिनिटात लॉक निघाला, पैसे पण घेतले नाहीत. त्याला म्हटलं काय बघणार आहे ते, तर तो म्हणाला एक दिवस मला पण द्या.

दुसरी अडचण सबटायटलची. इंग्रजी आहेत, मराठी हिंदी काही नाही. आबांना इंग्रजी वाचून तेवढ्या वेगानं समजत नाही, म्हणून मी शेजारी बसून सांगत होतो, आणि हे लोक बोलतात म्हणजे काय, तोफखाना नुसता! ह्यातल्या चार पिक्चरचा हिरो जेम्स कॅग्नी एका दमात चार वाक्यं टाकतो, मी पहिलं सांगेपर्यंत पुढचा सीन चालू. पहिल्या रविवारी माझा घसा बसला. पण दुसऱ्या रविवारपासनं आबा म्हणाले, "तू गप्प बस, लागलं तर मी विचारतो." आणि खरं सांगतो, त्यांना फारसं विचारावं लागलं नाही. ह्या पिक्चरची ताकद मला तिथं पहिल्यांदा कळली.

आबा चाळीस वर्षं उद्यमनगरात टर्नर होते. लेथवर हात, कान मशीनच्या आवाजावर. म्हणून की काय, पहिला पिक्चर लागला तसं त्यांनी जे पकडलं ते मी इतकी वर्षं ह्या पिक्चरबद्दल वाचून पण पकडलं नव्हतं. लिटल सीझरची सुरुवात अशी आहे, रात्र, लांबनं दिसणारा एक पेट्रोल पंप, गाडी येऊन थांबते, माणूस आत जातो, दिवा जातो, गोळ्यांचा आवाज, गाडी निघून जाते. एवढंच. कुणाचं तोंड नाही, रक्त नाही, काही नाही. आबा म्हणाले, "दाखवलं न्हाई, ऐकवलं." बस, ह्या सहाही पिक्चरची किल्ली ह्यात आहे. बोलपट येऊन तेव्हा तीन-चार वर्षं झालेली, आणि गँगस्टर हा माणूसच आवाजानं जन्माला घातलेला माणूस आहे, टायर करकरणं, टॉमी गन म्हणजे हातातली मशीनगन, काच फुटणं, आणि ते तडातडा बोलणं. मूकपटात हा माणूस अर्धाच राहिला असता.

त्याच वेळेला आपल्या कोल्हापुरात काय चाललं होतं ते बघा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली इथंच सुरू झाली आणि १९३२ ला त्यांचा पहिला बोलपट अयोध्येचा राजा आला. म्हणजे तिकडं वॉर्नरवाले आवाजाशी झटत होते तेव्हाच इकडं दामले, फत्तेलाल, शांताराम आपल्या गावात बसून तेच झटत होते. तिकडं बंदूक वाजत होती आणि इकडं हरिश्चंद्र बोलत होता, पण काम एकच, पडद्यावरच्या माणसाला आवाज द्यायचा. आणि त्याच्या पण आधी १९२५ ला बाबूराव पेंटरांनी सावकारी पाश केला, मूकपट, त्यात शांतारामच शेतकरी झालेत, सावकार जमीन खातो आणि पोरगा शहरात गिरणीत जातो. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभावरनं आपण रोज गाडी मारतो पण हे डोक्यात येत नाही. गरिबी माणसाला शहरात नेऊन काय करते हा प्रश्न आपल्या गावानं पण पडद्यावर मांडला होता, म्हणून मला हे अमेरिकन पिक्चर परके वाटत नाहीत.

आता एकेक घेतो, पण सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही.

लिटल सीझर. मर्विन लरॉय डायरेक्टर, एडवर्ड जी. रॉबिन्सन रिको झालाय. बुटका, जाड ओठांचा, हिरो म्हणून कुणी उभा केला नसता असा माणूस, आणि तो पडद्यावर आला की दुसरं कुणी दिसतच नाही. पंप लुटल्यावर तो हॉटेलात येतो आणि भिंतीवरच्या घड्याळाचे काटे हळूच मागं फिरवतो, म्हणजे पोलिसांनी विचारलं तर आम्ही तेव्हा इथं जेवत होतो म्हणायला मोकळे. ह्या एका हालचालीत तो माणूस काय आहे ते सगळं आलं. रिकोला दारू नको, बायका नकोत, त्याला नुसतं "कोणीतरी" व्हायचंय. असे लोक आपण तालमीत, कट्ट्यावर, निवडणुकीत बघितलेत. रॉबिन्सन स्वतः खऱ्या आयुष्यात चित्रं जमवणारा शांत माणूस, बंदूक उडवताना त्याचे डोळे मिटायचे म्हणून पापण्यांना टेप लावली असं सांगतात. पिक्चरचं वय मात्र दिसतं, मधे मधे माणसं ओळीत उभी राहून बोलतात, नाटकासारखं, कारण तेव्हा माइकपासनं लांब जाता येत नव्हतं. तरी शेवटाकडं एक जागा आहे, रिको आपल्या जुन्या दोस्तावर बंदूक रोखतो आणि गोळी घालवत नाही, कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या एवढा जवळ जातो की चेहरा धूसर होतो, डोळ्यात पाणी. पडला तो तिथंच, पुढच्या गोळ्या नुसत्या हिशोबाच्या. प्रिंट बरी आहे, आवाजात थोडी खरखर.

द पब्लिक एनिमी. ह्याच्यावर मी जास्त बोलणार कारण आमच्या घरात हा पिक्चर संपल्यावर बराच वेळ कुणी टीव्ही बंद करायला उठलं नाही. विल्यम वेलमनचा पिक्चर, ८३ मिनिटांचा. आधी कॅग्नीला दोस्ताचा रोल होता आणि हिरो दुसरा, एडवर्ड वूड्स, थोडं शूटिंग झाल्यावर वेलमननं दोघांची अदलाबदल केली आणि कॅग्नी स्टार झाला. लोकांना ह्यातला ग्रेपफ्रूटचा सीन माहिती असतो, आपल्या पपनसाच्या जातीचं फळ ते, सकाळच्या नाष्ट्याला कॅग्नी अर्धी फोड बाईच्या तोंडावर दाबतो. तो सीन बघून आईनं "मेल्या" म्हणून टीव्हीला शिवी दिली, आणि बरोबरच आहे, तो माणूस नालायकच आहे आणि पिक्चर ते लपवत नाही.

पण माझ्या मनात बसलाय तो जेवणाचा सीन. थोरला भाऊ माईक महायुद्धातनं परत आलाय, आजारी, घरात त्याच्यासाठी जेवण मांडलंय. धाकटा टॉम दारूबंदीत चोरटी बिअर विकून पैसेवाला झालाय, तो बिअरचं एक मोठं पिंप आणून बरोब्बर टेबलाच्या मधोमध ठेवतो. आता सगळे जेवायला बसलेत आणि पिंपामुळं कुणाला कुणाचं तोंड धड दिसत नाही, मान वाकडी करून एकमेकाशी बोलतात, आई मधे हसायचा प्रयत्न करते, कुणी त्या पिंपाबद्दल बोलत नाही आणि सगळे त्याच्याबद्दलच विचार करतायत. शेवटी माईक उठतो आणि सांगतो की ह्यात नुसती बिअर नाही, रक्त पण आहे. उचलून पिंप फेकून देतो. किती साधी गोष्ट आहे बघा, पण घरात आलेला चुकीचा पैसा कसा दिसतो हे ह्याच्यापेक्षा चांगलं मी कुठं बघितलेलं नाही. दोन भाऊ, एक सरळ एक वाकडा, मधे आई, आपल्या हिंदी पिक्चरनी हा साचा पुढं किती वापरला ते सांगायची गरजच नाही, दीवार आठवा फक्त.

आणि मारामारी सगळी दाराआड. पियानो वाजवणाऱ्या माणसाला टॉम मारतो तेव्हा आपल्याला टॉम दिसतच नाही, पियानोचा आवाज मोडतो आणि माणूस सुरांवर पडतो, एवढंच ऐकू येतं. पावसात एकटा शत्रूच्या अड्ड्यात शिरतो तेव्हा कॅमेरा बाहेर रस्त्यावरच राहतो, आत गोळ्या, किंकाळ्या, आणि मग तो लडखडत बाहेर येऊन गटारीकडेला पडतो. एका सीनला मात्र भिंतीवर खऱ्या मशीनगनच्या गोळ्या मारल्यात, सैन्यातला निशाणेबाज बसवून, कॅग्नी कोपऱ्याआड झाल्यावर लगेच. भिंतीचे टवके उडतात ते खरे आहेत. तेव्हा असं करायचे, आज कुणी करू पण नये.

शेवट सांगणार नव्हतो, पण सांगतो, कारण नव्वद वर्षांवर झाली आणि माहिती असून पण तो तसाच लागतो. घरी फोन येतो की टॉम घरी यायलाय. आई वर जाऊन त्याची खोली लावायला लागते, चादर झटकते, उशी ठीक करते, गुणगुणते. खाली तबकडीवर गाणं चालू आहे. दार वाजतं. माईक उघडतो, आणि दारात टॉम, अंगभर बँडेज, ब्लँकेटमधे दोरीनं गुंडाळलेला, तसाच उभाच्या उभा तोंडावर आत पडतो. गाणं चालूच, आणि वर आई अजून अंथरूण घालत्येय. आबा हळूच म्हणाले, "आईनं हातरूण घाटलंय रं त्याचं." आईनं पदर डोळ्याला लावला होता. नंतर ती म्हणाली की आमच्या माहेरी एक पोरगा असाच आणून ठेवला होता दारात, आणि त्या रात्री तिनं पहिल्यांदा ती सगळी गोष्ट मला सांगितली, ती इथं लिहित नाही.

हे पिक्चर का टिकले ह्यावर लोक बंदुकी, टोप्या, गाड्या असलं काय काय म्हणतात. मला विचाराल तर हे टिकले ते घरामुळं. आजकालच्या सिरीजमधे गोळी कपाळातनं कशी बाहेर येते ते स्लो मोशनमधे दाखवतात आणि मेलेल्या माणसाला घर आहे का, त्याची आई आत्ता काय करत्येय, हे कुणी विचारत नाही. ह्यांना रक्त दाखवायची परवानगी नव्हती म्हणा, सोय नव्हती म्हणा, पण त्यामुळं त्यांचा कॅमेरा दारात, जेवणाच्या टेबलावर, जिन्यावर राहिला, आणि तिथं आपण पण राहतो.

काळ पण समजून घ्यायला हवा. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, लोक पितच होते, म्हणून चोरट्या दारूवर टोळ्या गबर झाल्या. १९२९ ला शेअर बाजार कोसळला, हातातलं काम गेलं. शिकागोत त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला एका गॅरेजमधे सात माणसं भिंतीला उभी करून मारली, आणि तिथल्या टोळीचा म्होरक्या अल कपोनला शेवटी १९३१ साली खुनात नाही तर इन्कम टॅक्समधे अडकवलं. थेटरात बसलेल्या बेकार माणसाला हे सगळं पेपरात वाचून पाठ होतं. आपल्याकडं पण मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, कोल्हापूर संस्थान पण त्याच साली मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा हातभट्टी, पोलिसांची धाड, दुधाच्या कॅनमधली दारू हे असलं ऐकतच आबांची पिढी मोठी झाली. त्यामुळं आबांना त्या काळाची पार्श्वभूमी मला समजावून सांगावी लागलीच नाही, उलट त्यांनीच मला सांगितली.

मग १९३४ च्या मध्यापासनं हॉलिवूडमधे सेन्सॉरचे नियम कडक झाले, गुन्हेगार हिरो वाटता कामा नये म्हणून. १९३५ ला तर पडद्यावर कॅग्नीलाच सरकारी पोलीस करून टाकलं. बॉक्समधले पुढचे चार पिक्चर ह्या नियमाखालचे आहेत आणि तो फरक ओळखू येतो.

द पेट्रिफाइड फॉरेस्टवर जास्त वेळ घालवत नाही. नाटकावरनं केलाय आणि नाटकच राहिलाय, वाळवंटातल्या एका हॉटेलात सगळे बसून बोलतात. आबा झोपले. पण हम्फ्री बोगार्टसाठी बघा, नाटकात त्याच्याबरोबर काम केलेल्या लेस्ली हॉवर्डनं अडून बसून हा रोल त्यालाच द्यायला लावला, नाहीतर तो रॉबिन्सनकडं चालला होता. बोगार्टनं नंतर स्वतःच्या मुलीचं नाव लेस्ली ठेवलं. उपकार विसरला नाही माणूस.

एंजल्स विथ डर्टी फेसेस मात्र आख्ख्या घरानं बघावा. दोन पोरं रेल्वेच्या डब्यात चोरी करतात, पोलीस मागं लागतात, एक जोरात पळतो तो सुटतो आणि मोठेपणी पाद्री होतो, दुसरा सापडतो आणि गुंड होतो. फरक फक्त पळण्याचा! शेवटी गुंडाला विजेच्या खुर्चीकडं नेतात, आणि पाद्री दोस्त त्याला म्हणतो की भित्र्यासारखा मर, म्हणजे गल्लीतली पोरं तुला देव मानायची थांबतील. तो नाही म्हणतो. आणि मग भिंतीवर सावल्या, हात रेडिएटरला चिकटलेले, सोडवता सुटत नाहीत, ओरडतोय. खरंच घाबरला का दोस्तासाठी घाबरल्याचं केलं? आम्ही त्यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडलो. काका म्हणाले खरंच घाबरला, आबा म्हणाले, "दोस्ताचा शब्द राखला त्येनं." मी आबांच्या बाजूनं.

आता द रोअरिंग ट्वेंटीज, राउल वॉल्शचा. सगळ्यात भारी कुठला म्हणाल तर माझ्या लेखी पब्लिक एनिमी, पण आबांच्या लेखी हा. ह्यात कॅग्नी एडी बार्टलेट आहे, गॅरेजमधला मेकॅनिक. युद्धावर जातो, परत येतो, तर जुनी जागा दुसऱ्यांना दिलेली. हातात कला आहे, काम नाही. अर्धवेळ टॅक्सी चालवतो, तिथनं दारूच्या धंद्यात, मग वर, मग १९२९ च्या मंदीत सगळं गेलं, आणि बोगार्ट त्याच्या सगळ्या टॅक्स्या फुकाफाकी विकत घेतो आणि एक टॅक्सी मुद्दाम सोडतो, तुला लागंल म्हणून. त्या सीनला आबांनी पॉज करायला लावलं. त्यांचं वर्कशॉप एकदा आठ महिने बंद होतं, मी तेव्हा सातवीत होतो, आबा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे आणि मला वाटायचं कामावर जातात. ते रंकाळ्यावर जाऊन बसायचे, हे त्यांनी त्या रविवारी सांगितलं, टीव्हीवर कॅग्नी टॅक्सीच्या चावीकडं बघत थांबलेला. "तवा मला कुणी वाईट धंद्याला बोलवलं असतं तर गेलो न्हाई म्हणून सांगता येत न्हाई," असं म्हणाले. मग म्हणाले, लाव पुढं. शेवटी एडी बर्फ पडलेल्या चर्चच्या पायऱ्यांवर मरतो, पोलीस विचारतो हा कोण, काय करायचा, आणि बाई एवढंच सांगते की हा एकेकाळी मोठा माणूस होता.

व्हाइट हीट वेगळ्याच जातीचा आहे. दहा वर्षांनी कॅग्नी परत गुंड झालाय आणि आता तो आजारी आहे, डोकं दुखायला लागलं की आईच्या मांडीवर बसतो, हा जाडजूड खुनी माणूस. जेलच्या मेसचा सीन बघा, लांबच लांब टेबल, आई गेल्याची बातमी एका कानातनं दुसऱ्या कानात सरकत येते, आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त तोंडं दिसतात, आणि ती त्याच्यापर्यंत पोचल्यावर तो जो आवाज काढतो तो माणसाचा वाटत नाही. शेवट गॅसच्या टाकीवर, आणि तो शेवट मी सांगत नाही.

डिस्कवर एक लई भारी सोय आहे. प्रत्येक पिक्चरच्या आधी त्याच वर्षाची न्यूजरील म्हणजे बातमीपट, एक छोटा पिक्चर, कार्टून आणि ट्रेलर असं लावता येतं, तेव्हाच्या थेटरात बसल्यासारखं, लेनर्ड मॉल्टिन नावाचा पिक्चरचा समीक्षक समजावून सांगतो. आबांना हे फारच आवडलं, आपल्याकडं पण पिक्चरच्या आधी सरकारी न्यूजरील असायची, म्हणाले उशिरा गेलं तर तीच चुकायची. कॉमेंट्री पण आहेत, पिक्चर चालू असताना जाणकार बोलतात त्या, मी दोनच ऐकल्या. खोक्याचं पुठ्ठं नाजूक आहे, आमचं एका कोपऱ्यात फाटलं, तेवढं जपा. आणि स्कारफेस ह्यात नाही, १९३२ चा, तो वॉर्नरचा नव्हता, हॉवर्ड ह्यूजचा होता, तो वेगळा शोधावा लागतो. तो बघितल्याशिवाय ही तीस सालची गोष्ट पुरी होत नाही, त्यामुळं आता त्याच्या मागं लागलोय.

सुरुवात करायची तर लिटल सीझरनं करू नका, जुना वाटून सोडून द्याल. आधी एंजल्स, मग पब्लिक एनिमी, मग रोअरिंग ट्वेंटीज. लहान पोरांबरोबर एंजल्स चालेल, पब्लिक एनिमीचा शेवट त्यांना झोपू देणार नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा सबटायटल आणि रिजन लॉकसाठी कापला.

येत्या रविवारी रोअरिंग ट्वेंटीज परत लावायचाय. उद्यमनगरातले आबांचे तीन जुने सोबती येणार आहेत, आईनं सुक्या भेळेची तयारी केलीय आणि मला सांगितलंय की वरच्या मजल्यावरनं खुर्च्या आण.